पार्किंग फुकट होतं, पैसे मात्र भरून झाले. परत मागावेत का?

गोदाकाठची

आम्ही नांदेडचे. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी संभाजीनगरला होतो, दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुक्काम मामाकडं सिडकोत, भाऊ डबा घेऊन गाडीनं जायचा, दिवसातून दोनदा, कधी तीनदा. गेटच्या तोंडाशी एक पोरगं उभं असायचं, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, गळ्यात क्यूआर कोडचं कार्ड, हातात पावती पुस्तक. गाडी वळली की पुढं यायचं, "चारचाकी तीस". भावानं प्रत्येक वेळी दिले, कधी फोनवरून, कधी सुट्टे. डिस्चार्जच्या दिवशी मी गाडीत होते तर सिक्युरिटीचे काका विचारतात "पास कुठाय?" कसला पास म्हणलं, तर म्हणाले अ‍ॅडमिट पेशंटच्या एका गाडीला पार्किंग फुकट आहे, काउंटरवर केसपेपर दाखवला की पास मिळतो. आणि ते पोरगं दवाखान्याचं नाहीच, शेजारच्या खाजगी प्लॉटचं आहे. दोन्हीकडं जायचा रस्ता एकच.

आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. भाऊ म्हणतो सोड, ऑपरेशनला एवढे गेले त्यात हे काय. आई म्हणते लेकरू उन्हात उभं असतंय, जाऊ दे. मला पटत नाही. जे पैसे घ्यायचा हक्कच नव्हता ते का म्हणून सोडायचे? पुढच्या महिन्यात आईला दाखवायला परत जायचंय तेव्हा मागावं असं मनात आहे. कुणाकडं मागायचं, दवाखान्याकडं का प्लॉटवाल्याकडं? आणि कुणाला असे परत मिळालेत का?

हुरडा

तीस रुपयाला एवढा मोठा धागा? ताई, आईला बरं वाटायलंय का ते सांगा आधी.

गोदाकाठची

@हुरडा, आई वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातीय, विचारल्याबद्दल थँक्यू. तीस एका वेळचे. रोजचे धरले तर आईच्या फिजिओथेरपीच्या एका दिवसाचे पैसे निघतात त्यात.

गोलाईवाला

मागाच तुम्ही. आमच्याकडं लातूरला दिवाळीच्या बाजारात बघितलेलं सांगतो. एक खाजगी मोकळी जागा, मालकाने पार्किंगला दिलेली, दुचाकी वीस. यात वाईट काही नाही, जागा त्याची. सकाळी दोरी बांधलेली असते लिंबाच्या झाडाला, म्हणजे जागेच्या हद्दीवर. दुपारी गर्दी वाढली की तीच दोरी लाईटच्या खांबाला जाते. संध्याकाळी पार रस्त्याच्या मधल्या डिव्हायडरपर्यंत. म्हणजे सकाळी जो रस्ता होता तो संध्याकाळी पार्किंग झाला आणि रस्त्यावर गाडी लावायचे वीस रुपये चालू. लोक बिचारे देतात कारण दोरी आहे, शिट्टी आहे, जाकीट आहे. मी पावती मागितली तर म्हणला संपली. पुस्तक हातात आणि पावती संपली. मग मी पण पैसे ठेवले खिशात, म्हणलं पावती आली की देतो. काही बोलला नाही, पुढच्या गाडीकडं गेला.

तेव्हापासून एकच नियम, आधी पावती मग पैसे.

एन_सात

मी थोडं वेगळं लिहिते. मी संध्याकाळी क्लासेसला जाते, परतायला साडेनऊ होतात. जिथं लावते तिथं म्हणे फुकट आहे, बोर्ड पण आहे तसा, तरी एक काका दहा रुपये घेतात आणि मी देते. कारण ते तिथं असतात. हेल्मेट आरशाला अडकवून गेलं तरी जागेवर मिळतं, मागच्या गाड्या सरकवून माझी स्कूटी काढून देतात, अंधारात एक माणूस आहे याचा आधार वाटतो. माहीत असून देते, त्यामुळं मला फसवल्यासारखं वाटत नाही. ताईंचं प्रकरण वेगळं आहे, तिथं माहितीच दिली नाही.

गोलाईवाला

@एन_सात, हे पटलं. पण मग ती बक्षिसी झाली, पार्किंगचे पैसे नाही झाले. उद्या तुम्ही नाही दिले तर ते काका गाडी लावू देतात का हा खरा प्रश्न.

एन_सात

लावू देतात. सुट्टे नसले की "असू दे बेटा, उद्या" म्हणतात.

काळा_कोट

दोन-तीन गोष्टी एकत्र व्हायल्यात, वेगळ्या करतो.

एक, सार्वजनिक रस्ता. तिथं पे अँड पार्क करायचं तर महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा ठराव लागतो, ठेका दिलेला लागतो, दर ठरलेले लागतात. दोरी बांधली म्हणून कुणी पैसे घेऊ शकत नाही. शंका आली तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, अमुक रस्त्यावर पार्किंगचा ठेका दिला आहे का, कुणाला, कधीपर्यंत, दर काय. कायद्यात उत्तराला ३० दिवस आहेत.

दोन, इमारतीच्या आतली जागा. बांधकाम परवानगी देतानाच नकाशात पार्किंग दाखवावं लागतं, राज्याच्या बांधकाम नियमांत कुठल्या वापराला किती गाड्यांची जागा सोडायची ते ठरलेलं आहे. पण जागा सोडलीच पाहिजे आणि ती फुकट दिलीच पाहिजे या दोन वेगळ्या गोष्टी. फुकटचं काय, यावर राज्याराज्यात वेगळं आहे. गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मॉल आणि मल्टिप्लेक्सनी पार्किंगचे पैसे घ्यायचे नाहीत असं म्हटलं. तो निकाल आपल्याकडच्या दवाखान्याला जशाचा तसा लागत नाही, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर तो दाखवून भांडू नका. सोसायटीवाल्यांसाठी, बिल्डरला स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेतलं, पार्किंग वेगळं विकता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय.

तीन, धागाकर्तीचं प्रकरण. इथं दवाखान्यानेच फुकट ठेवलंय, म्हणजे कायदा शोधायची गरजच नाही. प्रश्न एवढाच की गाडी प्रत्यक्ष कुठं उभी होती. शेजारच्या प्लॉटमध्ये उभी होती तर तीस रुपये त्याचे. दवाखान्याच्या आवारात उभी होती आणि पैसे शेजारच्याने घेतले तर परत मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क. भावाला हे नीट विचारा.

निजामाबाद_पॅसेंजर

तेलंगणात याचा नियमच आहे. आम्ही देगलूरचे, खरेदीला हैदराबाद जवळ पडतं. तिथं २०१८ पासून मॉल, मल्टिप्लेक्सला पहिला अर्धा तास कुणालाही फुकट, एक तासापर्यंत थांबलात तर आत काहीतरी घेतल्याचं बिल दाखवायचं, फुकट. तासाच्या वर गेलं तर बिल पार्किंगच्या रकमेपेक्षा जास्तीचं पाहिजे. हे माहीत नसतं म्हणून आपली माणसं बिलं आतच कचऱ्यात टाकून येतात आणि गेटवर पैसे भरतात. माझे काका कपड्याच्या बिलाची पिशवी डिकीत टाकून गेटवर पैसे काढायलेले, मी मागून ओरडलो बिल दाखवा बिल.

हुरडा

काकांनी परत येऊन किती जणांना सांगितलं ते पण लिहा.

निजामाबाद_पॅसेंजर

अजून सांगूलालेत. मागच्या रविवारी लग्नात सांगितलं.

पूर्णेचा_पूर

आमच्या वेळी परभणीत टॉकीजला सायकल स्टँड असायचे. पत्र्याचे गोल बिल्ले, नंबर ठोकलेला, एकाच नंबरचे दोन. एक सायकलच्या हँडलला तारेनं अडकवायचा, एक आपल्या हातात. पिक्चर सुटला की बिल्ला दाखवल्याशिवाय सायकल हलू द्यायचे नाहीत, ओळखीचा असला तरी. बिल्ला हरवला तर सगळ्या सायकली जाईस्तोवर थांबावं लागायचं, मी थांबलेलो आहे थंडीत. पैसे घेतले म्हणजे सायकल माझ्या ताब्यात, ती जबाबदारी माझी, हे त्या माणसाला कळत होतं. आता पावतीच्या मागं आधीच छापलेलं असतं, वाहन मालकाच्या जबाबदारीवर. मग पैसे कशाचे घेता बाबांनो?

काळा_कोट

@पूर्णेचा_पूर काका, नेमकं बोललात. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलमधून गाडी चोरीला गेली होती १९९८ मध्ये, किल्ली हॉटेलच्या माणसाकडं दिलेली. हॉटेल म्हणत होतं पावतीवर मालकाची जबाबदारी लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की गाडी ताब्यात घेतली की सांभाळायची जबाबदारी आली, निष्काळजीपणा झाला तर छापील ओळीमागं लपता येणार नाही. हे किल्ली दिल्यावरचं आहे हे लक्षात ठेवा. किल्ली आपल्याच खिशात असेल तर मामला इतका सरळ नाही.

जत्रेकरी

मी या धंद्यात काम केलंय म्हणून लिहूलालो. कॉलेजला असताना एका मोठ्या यात्रेत पार्किंगवर होतो, गावाचं नाव राहू द्या. बाहेरून दिसतं तेवढं सोपं नसतं ते.

यात्रेत दोन प्रकारचे प्लॉट असतात. एक शेतकऱ्याचं रान, पीक निघालेलं, तो स्वतः किंवा कुणाला भाड्यानं देऊन गाड्या लावू देतो. त्याचं रान, त्याचा हक्क. दुसरी गावाची किंवा संस्थानची जागा, तिचा लिलाव होतो. लिलावात बोली चढते, चढता चढता अशी चढते की सरळ पावत्या फाडून ते पैसे निघत नाहीत. मग ठेकेदार काय करतो, पोरांना रोजचा आकडा देतो. एवढा भरणा आलाच पाहिजे, कमी आला तर हजेरीतून कापणार. आमची हजेरी असायची, कमिशन नव्हतं. आता ज्या पोराला संध्याकाळी आकडा भरायचाय ते पोरगं फुकटच्या जागेकडं जाणारी गाडी सोडेल का? तिथंच हद्द सरकती. मी पण सांगितलंय लोकांना, "पुढं जागा नाही, इथंच लावा". पुढं ग्रामपंचायतीची मोकळी जागा होती, तिथं फुकट होतं. ते वाईट केलं. आज कुणी तसं करताना दिसला तर मी थांबून मागच्या गाडीवाल्याला सांगतो पुढं जा म्हणून.

ओळखायचं कसं ते सांगतो. खऱ्या पावतीवर अनुक्रमांक असतो, ठेकेदाराचं नाव असतं, ज्यांनी ठेका दिला त्यांचा शिक्का असतो. दर छापलेला असतो. पेनानं दर लिहिलेला असेल तर विचारा. आमच्याकडं दोन पुस्तकं असायची, एक शिक्क्याचं, एक बिनशिक्क्याचं. साहेब दिसला की शिक्क्याचं वर.

ताई, त्या पोरावर राग काढू नका एवढंच. पैसे प्लॉटवाल्याकडं मागा. पोराकडं मागितले तर ते त्याच्या हजेरीतून जातील.

एन_सात

दोन पुस्तकं! आता मी प्रत्येक पावती उलटून शिक्का बघणार.

गोदाकाठची

@जत्रेकरी दादा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मी पोराकडंच मागणार होते.

खांडवी

अवांतर, पण टोलनाक्यावर पण हेच होतं. २०१५ मध्ये राज्यातले काही टोलनाके बंद झाले आणि ५३ ठिकाणी कार, जीप आणि एसटीला माफी मिळाली, ती पण किती दिवस लोकांना माहीत नव्हती, काच खाली करून पैसे हातात धरायचे. आणि फास्टॅगचं एक सांगून ठेवतो. टॅग चालू आहे, त्यात पुरेसे पैसे आहेत, पण नाक्याचं मशीन बिघडलं म्हणून वाचलं गेलं नाही, तर राष्ट्रीय महामार्गावर पैसे न घेता सोडायचं आणि वर शून्य रुपयाची पावती द्यायची असा २०१८ चा नियम आहे. कॅश द्या म्हणले तर नियम सांगा. महामार्गाची हेल्पलाईन १०३३.

हुरडा

शून्य रुपयाची पावती कुणाला मिळाली असेल तर फ्रेम करून लावा बैठकीत.

खांडवी

नियमात आहे भाऊ. मागितली तर मिळती. मागतच नाही कुणी.

फर्दापूर_फाटा

उलट बाजू पण लिहा कुणीतरी. आमच्या भागात अजिंठ्याला गाड्या लेणीपर्यंत जात नाहीत, फर्दापूरच्या टी पॉइंटला लावायच्या आणि पुढचे चार किलोमीटर बसनं. तिथं बाहेरून येणारे रोज वाद घालतात की हे बेकायदेशीर आहे, आम्हाला वर सोडा. अहो लेणीतली चित्रं दीड-दोन हजार वर्षांची, गाड्यांचा धूर दूर राहावा म्हणून ती व्यवस्था आहे. प्रत्येक ठिकाणी पैसे घेणारा चोर नसतो. आमची पोरं शांतपणे समजावून सांगतात, पावती देतात, तरी शिव्या खातात. पावती मागा, बोर्ड वाचा, आणि दोन्ही बरोबर असेल तर मुकाट्याने द्या पण.

आणि सोमवारी येऊ नका, अजिंठा सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी. हे पण लोक गेटवर येऊन बघतात.

गोलाईवाला

@फर्दापूर_फाटा, शंभर टक्के. जिथं व्यवस्था आहे तिथं पैसे द्यायला कुणाची ना नसती.

मोबाईल_दुरुस्ती_सेलू

भावाने जे फोनवरून दिलेत त्याबद्दल. अ‍ॅपमध्ये हिस्ट्री काढा, प्रत्येक पेमेंटला बारा आकडी यूटीआर नंबर असतो, तारीख आणि मिनिटासकट वेळ असते, कुणाच्या नावावर गेले ते पण असतं. सगळ्यांचे स्क्रीनशॉट घ्या. बँकेकडून उलटे येतील अशी आशा धरू नका, स्वतः पिन टाकून दिलेले पैसे बँक आपणहून परत ओढत नाही, ज्याला दिले त्यानेच परत करावे लागतात. पण पुरावा म्हणून याच्याइतकी पक्की पावती नाही. रोखीने दिलेले कसे सिद्ध करणार?

अजून एक. पार्किंगच्या खांबाला चिकटवलेला क्यूआर कोड असेल तर स्कॅन केल्यावर नाव काय येतंय ते वाचा, मग पिन टाका. एखाद्याचा कोड दुसऱ्याच्या कोडावर चिकटवलेला असू शकतो. माझ्या दुकानाच्या कोडावर एकाने चिकटवला होता, मी नखानं काढला. आणि पैसे परत पाठवतो म्हणून कुणी कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं तर करू नका, पैसे यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० ला लगेच फोन.

सोयाबीन_भाव

माझा अनुभव. मिळालेत परत. एका मंगल कार्यालयात पाहुण्यांचं पार्किंग वधूपित्याने भाड्यातच धरलेलं, तरी गेटवर पोरं पन्नास घ्यायलेली. माझ्या चुलतभावाच्या लक्षात आलं, त्याने मॅनेजरला शांतपणे विचारलं की करारात काय लिहिलंय ते काढा. मॅनेजर स्वतः गेटवर आला आणि आल्या-गेल्या सगळ्यांचे पैसे परत दिले. वधूपिता बिचारा माईकवर माफी मागायलेला, त्याची काही चूक नसताना. मला त्याचंच जास्त लागलं. पाहुण्यांनी उगं तोंडं वाकडी करत पैसे दिले होते आणि मनात समजत होते की यानेच खर्च वाचवला.

पूर्णेचा_पूर

लेकीच्या बापाला नको तिथं मान खाली घालावी लागली. हे फार वाईट.

हुरडा

मी सुरुवातीला तीस रुपयाचं लिहिलं होतं. मंगल कार्यालयाचं वाचून पटलं, मागायलाच पाहिजे.

गोदाकाठची

अपडेट देते, जाऊन आले.

आधी भावाकडून नीट काढून घेतलं. गाडी बहुतेक वेळा दवाखान्याच्याच आवारात लावायचा, आत जागा नसली तेव्हा शेजारी. @काळा_कोट यांनी विचारा म्हणलं नसतं तर मी सरसकट सगळेच मागितले असते आणि तोंडावर पडले असते.

काउंटरवर गेले तर मॅडम म्हणाल्या ते पैसे आमच्याकडं येत नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. मग सिक्युरिटीच्या त्याच काकांना गाठलं. त्यांच्याकडं एक लांबडी नोंदवही आहे, आवारात आत आलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, निळ्या पेनानं. भावाची गाडी एमएच २६, बाकी सगळ्या एमएच २०, त्यामुळं पानावर लगेच डोळ्यात भरायची. मी फोनवरच्या पेमेंटच्या वेळा आणि वहीतल्या वेळा शेजारी ठेवल्या. जुळल्या. काकांनी पानांचे फोटो घेऊ दिले, साहेबांना विचारून.

प्लॉटवाल्याचं ऑफिस म्हणजे शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल. वयस्कर माणूस, आधी म्हणला पावती फाडली म्हणजे विषय संपला. फोटो दाखवले. जत्रेकरी दादांचं ऐकून आधीच सांगितलं की पोराचे कापू नका, हे तुमच्याकडून पाहिजेत. जे जुळले तेवढे सगळे दिले, गल्ल्यातून रोख. शेजारी लावलेल्या दिवसांचे मी मागितले नाहीत. रोखीने दिलेल्यांचं काही सिद्ध करता आलं नाही, ते गेले. आईने बाहेर येऊन विचारलं लेकराला ओरडले का ते, नाही म्हणल्यावर गाडीत बसली.

पैशांपेक्षा मला दुसरं महत्त्वाचं वाटतं. दवाखान्यातल्या मॅडमना मी लेखी दिलं की पासचा बोर्ड आतल्या काउंटरच्या मागं आहे, तो गेटवर पाहिजे. खेड्यापाड्यातून माणूस पेशंट घेऊन येतो, त्याला बोर्ड शोधायचं भान कुठून असणार. त्यांनी अर्जावर पोच दिलीय.

जत्रेकरी

पोराचं सांगितलंत, बरं वाटलं ताई.

काळा_कोट

पोच जपून ठेवा. बोर्ड हलला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर नोंदवता येईल, तिथं मराठीतून बोलता येतं.

खांडवी

माझ्या सासऱ्यांना पुढच्या आठवड्यात तिकडंच न्यायचंय, वर्णनावरून तोच दवाखाना वाटतोय. पास नेमका कुठं मिळतो, आणि रोज नवीन काढायचा का?

गोदाकाठची

@खांडवी, तोच आहे का ते मी इथं नाही सांगत, मेसेज करते. पण रीत अशी, अ‍ॅडमिशनची पावती झाली की त्याच खिडकीत केसपेपर दाखवून गाडीचा नंबर सांगायचा, हिरवा पुठ्ठ्याचा पास देतात, काचेत आतून लावायचा, डिस्चार्जपर्यंत तोच चालतो. एका पेशंटला एकच गाडी. गेटवर पोरगं आलं तर पास दाखवून सरळ डावीकडं घ्या, उजवीकडचा रस्ता प्लॉटचा.